उजव्या कानाचा नर

सातारच्या पिंजऱ्यात उजवा कान कातरलेला नर बसला होता. भर दुपार, कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. एरवी मीही या वेळी घरी जेवून आडवा झालेला असतो. चष्मा विसरला म्हणून परत आलो आणि उंदरांच्या खोलीचं दार लोटलं, तर हा समोर. पुढच्या दोन पायांनी सावकाश तोंड पुसत होता, जेवण आटोपून पानावरून उठल्यासारखा. त्याच्याभोवती डावा कान कातरलेल्या माद्या निवांत पडल्या होत्या. सातारचे डावे, सांगलीचे उजवे, हा नियम मी केलेला आणि या खोलीत त्याच्यावाचून दुसरा धर्म नव्हता. कान नीट बघायला मी पुढे झालो. एवढ्यात मागच्या ओट्यावरून कोंडीबा आत आला. हा आमचा उंदरांची देखभाल करणारा गडी, कवठे महांकाळकडचा, पलटणीत खेचरं सांभाळून पेन्शनीत आलेला. "मास्तर, ह्या वक्ताला?" तो म्हणाला. मी पिंजऱ्याकडे बोट दाखवायला वळलो, तोवर सगळे उंदीर एकमेकांच्या अंगाखाली शिरून पांढरा गोळा झाला होता आणि त्यात कुणाचा कान कुठला ते कळायला मार्ग नव्हता. "काही नाही, चष्मा राहिला," मी म्हणालो, आणि चष्मा घेऊन बाहेर पडलो.

संशयी माणूस विचारत नाही, तो पाळत ठेवतो. विचारलं की समोरचा सावध होतो, हे आमच्या घरचं बाळकडू. अण्णा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते; जन्मभर खोटं बोलणारी माणसं बघून त्यांना खरं बोलणाऱ्याचाच जास्त संशय यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो, चष्मा नीट पुसला, आणि सातारच्या पिंजऱ्यातला एकेक उंदीर उचलून पाहिला. सगळे डावे. सांगलीच्या पिंजऱ्यात सगळे उजवे. मग काल मी पाहिलं ते काय? डोळ्यांवर चष्मा नव्हता हे खरं. पण चष्म्याशिवाय मला लांबचं दिसत नाही. हात पोचेल तेवढ्यावरचं लख्ख दिसतं. मी स्वतःशी असा वाद घालत उभा होतो आणि कोंडीबा पाण्याच्या वाट्या विसळता विसळता माझ्याकडे बघत नव्हता. एरवी तो बघतो. त्याचं न बघणं माझ्या लक्षात राहिलं.

दोन्ही जातींचे उंदीर दुधासारखे पांढरे, लाल डोळ्यांचे. शेजारी ठेवले तर त्यांना पोसणाऱ्यालाही ओळखू येऊ नयेत. सांगलीचे कॉलेजात आधीपासूनच होते. सातारचे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका लष्करी डॉक्टरांनी पाळले होते. ते वारले तेव्हा त्यांच्या पत्नीनं अण्णांना निरोप धाडला की तुमच्या मधूला उपयोगी पडतील तर घेऊन जा. खोक्याला भोकं पाडून मी ते मोटारीनं सांगलीला आणले. वाटेत सगळ्या मोटारीला वास येत होता आणि मी आपला खिडकीबाहेर बघत बसलो होतो. या दोन घराण्यांच्या मांडीमागच्या जाड नसेची तुलना हा माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय. नस काढायची, ऑस्मिक आम्लात ठेवायची, म्हणजे तंतूभोवतीचं चरबीचं आवरण काळं पडतं. मग तिचे पातळ काप काचेवर घ्यायचे. मायक्रोस्कोपखाली हजारो काळ्या बारीक बांगड्या एकमेकींना खेटून भरल्यासारख्या दिसतात. कुणाची बांगडी जाड, कुणाची पातळ, हे मी दोन वर्षं मोजत आलो होतो. डोळे चुरचुरायचे, मान धरायची, पण निष्कर्ष स्वच्छ होता: सातारच्या उंदरांच्या तंतूंचं आवरण सांगलीच्यापेक्षा जाड. लढाईमुळे आम्ल मिळेना, काच मिळेना, तरी मी ते तडीस नेलं. महिन्याभरात प्रबंध मुंबईला जायचा होता. मार्गदर्शकांचं पत्र आलं होतं की फरक इतका स्पष्ट आहे की परीक्षकांना बोलायला जागा नाही. आणि आता जर दोन्ही पिंजऱ्यांतलं रक्त एकमेकांत मिसळलं असेल, तर माझा प्रबंध म्हणजे दोन नावं देऊन वाढलेली एकच खिचडी.

सांगली मला कधी मानवली नाही. इथलं पाणी गोड, बोलणं गोड, पेठेतून गेलं की हळदीचा वास अंगाला चिकटून घरापर्यंत येतो. नोकरी मिळाली तीही सासऱ्यांच्या शब्दाखातर, आणि हे मला कुणी बोलून दाखवलं नाही म्हणून मला ते जास्तच बोचतं. साताऱ्यात कसं, शिवी द्यायची तर तोंडावर देतात. लग्न ठरताना अण्णा म्हणाले होते, "मुलगी चांगली आहे, पण सांगलीकर आहे. पोटात काय आहे ते चेहऱ्यावर येणार नाही." विनोदिनी माप ओलांडून आत आली तेव्हापासून मी तिच्या चेहऱ्यावर काय येत नाही ते शोधतोय. ती गप्प असली की मला वाटतं काहीतरी दडवतेय, आणि हसली की वाटतं दडवलेलं पचलं. प्रबंधाच्या कामात तिची मोठी मदत. तिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून काचांवरच्या चिठ्ठ्या ती लिहायची, चिकटवायची, आणि सातारच्या काचा एका लाकडी डबीत, सांगलीच्या दुसऱ्या डबीत लावून ठेवायची. कधी कधी चिठ्ठीवर 'सांगली' लिहिताना ती किंचित थांबायची. ते थांबणं मला दिसायचं.

आता संशयाला दिशा पाहिजे होती. पहिला डोळ्यांसमोर आला तो वनस्पतिशास्त्राचा आप्पासो. त्याला वाळवलेल्या झाडपाल्यासाठी माझी खोली हवी होती आणि तो येताजाता म्हणायचा, "गड्या, माणसांना रेशनात ज्वारी मिळंना, आन् तुझे उंदीर हरभरं खात्यात." माझं काम बुडालं तर खोली त्याला. पण आप्पासो उंदराला हात लावायला भितो, हे मी स्वतः पाहिलेलं. मग कोंडीबा. सातारच्या पिंजऱ्याला उंबराची डहाळी आणि सांगलीच्या पिंजऱ्याला कळंबाची डहाळी बांधलेली असायची. उंदरांना कुरतडायला असेल म्हणून मी कधी लक्ष दिलं नव्हतं. आता लक्षात आलं की ती दारावर वरच्या बाजूला असते, उंदरांच्या तोंडापर्यंत पोचतच नाही. साताऱ्याकडच्या गावांत तेव्हा पत्रीसरकार होतं. कोण खबऱ्या, कोण भूमिगत, कुणाच्या दारावर कसली खूण, याच गोष्टी लोक दबक्या आवाजात बोलायचे. उंबर म्हणजे काही, कळंब म्हणजे काही, असं मी दोन दिवस मनात लावत बसलो. कोंडीबा रात्री या खोलीत कुणाला आणून झोपवतो की काय इथवर माझी मजल गेली. भूमिगत माणूस उंदराची अदलाबदल कशाला करेल, हा साधा प्रश्न मला सुचला नाही.

"तू उंदरांच्या खोलीत कधी गेली होतीस का?" मी एकदा जेवताना विनोदिनीला विचारलं.

"त्या वासानं मला मळमळतं, माहीत आहे ना तुम्हाला," ती भात वाढत म्हणाली.

"कोंडीबा काही बोलला का तुझ्याशी?"

"दळण घेऊन आला होता. नातीचं लग्न मोडलं म्हणाला. स्थळ चांगलं होतं, पण दोन्हीकडचं देवक एकच निघालं. मग ती भावंडंच झाली म्हणतात. रडत होता बिचारा."

"एवढंच?"

"एवढंच. असे काय बघताय माझ्या तोंडाकडे?"

मी पानात बघायला लागलो. ती खरं बोलत होती, आणि म्हणूनच मला वाटलं की या खऱ्याच्या मागे काहीतरी आहे. हा अण्णांचा वारसा. ताक संपेपर्यंत मी बेत ठरवला होता. सगळ्यांना सांगायचं की दोन दिवस साताऱ्याला जातोय, आणि दुसऱ्या दिवशीच गुपचूप परत यायचं. आप्पासोला सांगितलं, कोंडीबाला सांगितलं, विनोदिनीलाही तेच सांगितलं. तिनं डब्यात दशम्या दिल्या, दोन दिवसांच्या.

मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. काळ्या हातांनी मी साताऱ्यात पोचलो. अण्णा ओसरीवर पाट घेऊन बसले होते. प्रबंधाचं त्यांनी सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं. शेजारचे दोघे मला बघायला आले. "आपल्याकडच्या उंदरांच्या नसा जाड निघाल्या," अण्णा त्यांना म्हणाले, "सांगलीच्या पातळ. विज्ञानानं सिद्ध झालं." मी म्हणालो, "अण्णा, ते उंदीर मुळात इथले नाहीत, डॉक्टरांनी कुठल्या तरी लष्करी प्रयोगशाळेतून आणलेले." "पण वाढले कुठे?" अण्णा म्हणाले. शेजारी मान हलवत होते. मला हसू यायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. मायक्रोस्कोपवरून मान वर केल्यावर इतके दिवस जे बरं वाटायचं, ते हेच होतं, हे मला त्या ओसरीवर पहिल्यांदा कळलं आणि मी ते लगेच मनाआड केलं. शास्त्राला गाव नसतं. मी मोजलं, ते निघालं. "पण तुझा चेहरा का उतरलाय?" अण्णांनी विचारलं. त्यांच्यापासून काही लपत नाही. मी ते मोटारीच्या कोळशावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी सांगलीत उतरलो तेव्हा दिवेलागण होत आली होती. घरी न जाता थेट कॉलेजात गेलो. उंदरांच्या खोलीत कंदील होता. दुपारी किंवा संध्याकाळी मी घरी गेलो की नराला माद्यांच्या पिंजऱ्यात सोडायचं आणि मी परत यायच्या आत काढून घ्यायचं, हे काम कोंडीबाचं. मी दार ढकललं. कोंडीबा सातारच्या पिंजऱ्याचं दार उघडून उभा होता, त्याच्या ओंजळीत नर होता. मी जाऊन त्याचं मनगट धरलं आणि कंदील वर केला. उजवा कान.

"हे काय आहे, कोंडीबा?"

तो घाबरला नाही. त्यानं नराला पोटाशी धरलं आणि म्हणाला, "सोडा हात, मास्तर. ते भेलं."

"मी तुला काय शिकवलं होतं? भावाला बहिणीच्याच पिंजऱ्यात सोडायचं. रक्त बाहेर जाता कामा नये. सांगितलं होतं की नाही?"

"व्हय, सांगितलं हुतं."

"मग?"

"मला न्हाई जमलं," तो म्हणाला. "लय इचार क्येला. पर एका आयची प्वारं, एका घरात वाढल्याली, त्यांचं जोडपं म्या माज्या हातानं लावायचं? आमच्यात देवक एक असलं तरी सोयरीक मोडत्यात, मास्तर. माज्या नातीची मोडली. हितं तर सख्खं भावंडं." त्यानं डोक्यानं पिंजऱ्यांकडे खूण केली. "म्हनून ह्येंचं देवक धरलं उंबर, त्येंचं धरलं कळंब. दोन घरं येगळी झाली. आता हिकडचा नवरा तिकडं, तिकडचा हिकडं. पाप लागत न्हाई."

मी डहाळ्यांकडे बघितलं. चांगल्या हिरव्या होत्या. रोज बदलत असणार. मला राग यायला हवा होता, पण राग यायच्या आधी एक प्रश्न घशात आला आणि तो विचारायची मला भीती वाटली. वर्षभरापूर्वीपर्यंतच्या काचा तरी शुद्ध असतील. सहा महिन्यांपूर्वीपर्यंतच्या तरी. नातीची सोयरीक आत्ताच मोडली, म्हणजे त्याला हे आत्ताच सुचलं असेल. मी मनातल्या मनात काचा वाचवायला लागलो, पूर आलेल्या घरातून माणूस भांडी काढतो तसा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कवापासनं म्हंजी?"

"नातीचं मोडल्यापासून ना?"

"न्हाई, न्हाई. पयल्यापासनं. तुमी सातारचं खोकं आनलं, त्या सांजपासनं. पयली पिलावळच अशी हाय."

त्यानं नराला हलकेच सातारच्या पिंजऱ्यात सोडलं आणि दार लावलं. मी त्याला अडवलं नाही. अडवून काय होणार होतं? मी नस कापली ती सगळी याच पिंजऱ्यांत जन्मलेल्या उंदरांची, त्यातला एकही सातारचा नव्हता आणि एकही सांगलीचा नव्हता. पिल्लू ज्या पिंजऱ्यात जन्मलं त्या पिंजऱ्याप्रमाणे कोंडीबानं त्याचा कान कातरला आणि मी कानावर विश्वास ठेवला. "ऱ्हाग आला असंल तर काडून टाका मला," तो म्हणाला. "पर मुकी असली तरी त्यांनाबी आयबा हायती." मी कंदील खाली ठेवून बाहेर आलो.

घरापर्यंतची वाट मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की चालता चालता माझ्या जिवात पुन्हा जीव यायला लागला होता. रक्त मिसळलं, कबूल. पण फरक मला दिसला होता. एकदा नाही, शेकडो काचांत. जाड ती जाड आणि पातळ ती पातळ. मी काही हवेत मोजत नव्हतो. म्हणजे कोंडीबा खोटं बोलत असणार. नातीमुळे त्याचं डोकं फिरलं असेल आणि आत्ताचं तो मागे ढकलत असेल, म्हातारी माणसं ढकलतात. किंवा त्याला आप्पासोनं शिकवलं असेल. कोंडीबा खोटा ठरला की काचा खऱ्या ठरत होत्या, आणि काचा खऱ्या असायलाच हव्या होत्या. साधा उपाय होता. चिठ्ठ्या झाकून काचा बघायच्या. न सांगता मला सातारची काच ओळखता आली, तर फरक आहे.

विनोदिनीनं दार उघडलं. एक दिवस आधी आलो म्हणून तिनं काही विचारलं नाही, आणि नेहमीसारखं मला ते खटकलं. मी तिला ओट्यावर बसून सगळं सांगितलं. ती पदराशी चाळा करत ऐकत होती.

"तुला हे माहीत होतं?" मी शेवटी विचारलं.

"नाही."

"खरं सांग."

"खरंच सांगतेय. तुम्हाला पटणार नाही, पण नव्हतं माहीत."

मी तिला काम समजावलं. दोन्ही डब्यांतल्या थोड्या थोड्या काचा काढ, चिठ्ठीवर कागद चिकटव, सरमिसळ कर आणि एकेक माझ्या हातात दे. मी सांगेन ती कुठली. तू बाजूला लावत जा. ती आत गेली. डबी उघडल्याचा, कातरीचा आवाज आला. मी मायक्रोस्कोप खिडकीच्या टेबलावर मांडला, दिव्याची वात मोठी केली, आरसा फिरवून उजेड आणला. ती आली तेव्हा परातीत काचा होत्या, प्रत्येकीच्या तोंडाला कागदाची पट्टी.

पहिली काच लावली आणि मला हायसं वाटलं. जाड, ठाशीव, गच्च वर्तुळं. "सातारा," मी म्हणालो. दुसरी लावली, कडा जरा अंधूक, आवरण नाजूक. "सांगली." तिसरी सांगली, चौथी सातारा. माझा आवाज हळूहळू चढत गेला. एखाद्या काचेला मी अडखळलो, पण पुन्हा पाहिलं की उत्तर यायचं; पातळपणा लपत नाही, डोळा सरावलेला असला म्हणजे झालं. विनोदिनी एकेक काच घेऊन दोन बाजूंना लावत होती. परात रिकामी झाली तेव्हा माझी मान दुखत होती आणि मी कित्येक दिवसांत इतका खूश नव्हतो. सांगलीचा ढीग थोडा मोठा होता.

"आता पट्ट्या काढ," मी म्हणालो. "कोंडीबाला उद्या सकाळीच हजर करतो. बघ तू."

ती हलली नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. काहीच नव्हतं त्यावर. किती बरोबर आले, किती चुकले, काही कळेना, आणि मला वाटलं की ही उत्तर दडवतेय.

"काढ ना," मी म्हणालो. "किती चुकले?"

तिनं सांगलीच्या ढिगातली वरची काच उचलली, नखानं पट्टी सोलली आणि माझ्यासमोर ठेवली. तिच्याच मोत्यासारख्या अक्षरात 'सातारा' होतं. दुसरी सोलली. सातारा. मी तिच्या हातातून पुढची हिसकावली, मग दुसऱ्या ढिगातली, मग भराभर सगळ्याच.

"यात सांगलीची एकही काच नाही," मी म्हणालो. "दुसरी डबी कुठाय?"

"मी ती उघडलीच नाही," विनोदिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, दळण आणायला सांगावं तसा. "सांगलीचं काहीच नसलं तरी तुम्हाला त्यात सांगली सापडते का, एवढंच मला बघायचं होतं."